न झालेली सुधारणा आणि घडत गेलेला समाज

बाहेरून येणाऱ्यांपैकी कोणाला आत घ्यायचे हे ठरवणे हे इमिग्रेशन कायद्याचे कागदावरचे काम असले, तरी त्या कायद्याचे खोल परिणाम आधीच आत असलेल्यांच्या आयुष्यावर होतात, आणि अमेरिकेच्या गेल्या साठ वर्षांच्या इतिहासात ही गोष्ट फार ठळकपणे दिसते. तेथील राजकारणात ‘इमिग्रेशन सुधारणा’ या शब्दप्रयोगाखाली तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र बांधलेले असतात: सीमेवरचा बंदोबस्त आणि कायद्याची अंमलबजावणी, कागदपत्रांविना देशात राहणाऱ्यांना कायदेशीर दर्जा देणे, आणि कायदेशीर मार्गाने येणाऱ्यांसाठी असलेल्या व्हिसांच्या संख्येची व वर्गवारीची फेररचना. १९९० नंतर या तिन्हींना एकत्र हात घालणारा एकही मोठा कायदा अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, सुधारणा म्हणून पूर्णत्वास नेलेला नाही. न झालेली ही सुधारणा हेच आता एक धोरण होऊन बसले आहे, त्याचे लाभार्थी आहेत, त्याची किंमत मोजणारे आहेत आणि त्यातून एक विशिष्ट प्रकारचा समाज आकाराला आला आहे, हे या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन आहे.

पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येतो, कारण त्याची दिशा बऱ्याच अंशी एकच होती. १७९० च्या पहिल्या नागरिकत्व कायद्याने परदेशातून आलेल्यांपैकी केवळ ‘स्वतंत्र गौरवर्णीय’ व्यक्तींना नागरिक होण्याची मुभा दिली. १८८२ मध्ये चिनी मजुरांवर बंदी आली. १९१७ मध्ये हिंदुस्थानासह आशियाचा मोठा भूभाग प्रतिबंधित पट्टा ठरला. आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी मनुष्य गौरवर्णीय या संज्ञेत बसत नाही असा निर्वाळा दिला. १९२४ च्या कायद्याने पश्चिम गोलार्धाबाहेरील देशांना कोटा लावला, आणि तो ठरवण्यासाठी ताज्या जनगणनेऐवजी मुद्दाम १८९० ची जनगणना धरली, कारण त्या वर्षापर्यंत इटालियन, पोलिश आणि रशियन ज्यू लोकांची मोठी लाट अद्याप पोचलेली नव्हती. शेतीशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेलेले आणि तेथे गदर चळवळीत सामील झालेले वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे १९१७ पूर्वी तेथे पोचू शकले. त्यांच्यानंतरच्या पिढीला ते दार जवळजवळ बंदच मिळाले. १९४६ च्या कायद्याने हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, तोही वर्षाला १०० माणसांच्याच प्रवेशाच्या कोट्यासह.

१९६५ चा कायदा मात्र सावकाश वाचण्याजोगा आहे. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यावर सही केली, तेव्हा या कायद्याने काही क्रांती होणार नाही आणि लक्षावधींच्या जीवनावर त्याचा परिणाम होणार नाही अशी ग्वाही दिली होती. वंशमूलक कोटा रद्द करून त्याजागी आणलेल्या व्यवस्थेत बहुतांश, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, व्हिसा आप्तसंबंधांसाठी राखून ठेवले होते, आणि हा आग्रह प्रामुख्याने ओहायोचे लोकप्रतिनिधी मायकेल फेगन यांचा होता. त्यामागचा हिशोब सरळ होता: देशात सर्वाधिक लोक युरोपीय वंशाचे, तेव्हा नातेवाईकही युरोपातूनच येणार, आणि समाजाचा रंग जसा आहे तसा राहणार. हिशोब चुकला तो दोन्ही बाजूंनी. युद्धोत्तर काळात सुस्थित होत चाललेल्या पश्चिम युरोपातून येण्याची ओढ ओसरली होती, तर आशियातून कौशल्याच्या जागांवर आलेला एकेक डॉक्टर वा इंजिनिअर काही वर्षांनी नागरिक होऊन पत्नीला, आईवडिलांना आणि भावंडांना बोलावण्यास पात्र ठरत होता. महाराष्ट्रातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतून आणि पवईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या ज्या तरुणांनी पुढे शिकागो, न्यू जर्सी आणि डेट्रॉइटच्या परिसरात मराठी मंडळे उभी केली, आणि ज्यांच्या मंडळांची शिखर संस्था म्हणून १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, ते सारे या चुकलेल्या हिशोबाचे वारसदार आहेत. आपण केवळ गुणवत्तेच्या बळावर आलो, ही त्या पिढीची समजूत अर्धी खरी आहे. उरलेला अर्धा भाग कायद्याच्या एका अनपेक्षित फटीचा आहे.

त्याच कायद्याची दुसरी बाजू मेक्सिकोच्या संदर्भात दिसते. १९४२ ते १९६४ या काळात ‘ब्रासेरो’ नावाची एक सरकारी योजना चालली, जिच्याखाली मेक्सिकन शेतमजूर हंगामी करारावर येत आणि परत जात. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांची संख्या दरसाल चार लाखांच्या वर होती. मजुरांच्या पिळवणुकीमुळे ही योजना बंद करण्याचा कामगार संघटनांचा आणि धर्मसंस्थांचा आग्रह चुकीचा नव्हता, परंतु ती संपते न संपते तोच १९६५ च्या कायद्याने पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवर इतिहासात प्रथमच वर्षाला १,२०,००० ची मर्यादा घातली, आणि १९७६ मध्ये त्या गोलार्धातील प्रत्येक देशाला २०,००० ची वेगळी मर्यादाही लागू झाली. कॅलिफोर्नियातील टोमॅटो आणि द्राक्षांची तोडणी थांबली नाही. तीच माणसे, त्याच वाटेने, त्याच मळ्यांवर येत राहिली, फक्त काल जे करारावर येत ते आज बेकायदा ठरले. समतेच्या नावाने सर्व देशांना सारखी मर्यादा लावताना शेजारच्या देशाशी असलेला मजुरीचा जुना व्यवहार विचारातच घेतला गेला नाही.

१९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी सही केलेला कायदा हा या गुंत्यावरचा पहिला आणि आजवरचा अखेरचा मोठा तोडगा. त्याची रचना सौद्याची होती: १ जानेवारी १९८२ पूर्वीपासून देशात राहत असलेल्यांना आणि ठरावीक काळ शेतमजुरी केलेल्यांना कायदेशीर दर्जा द्यायचा, आणि मोबदल्यात यापुढे बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकांना दंड करायचा. पहिले कलम पार पडले; सुमारे २७ लाख लोकांना दर्जा मिळाला. दुसरे कलम कागदावरच राहिले, कारण मालकाने ‘जाणूनबुजून’ नोकरी दिल्याचे सिद्ध करावे लागे, आणि समोर आलेली ओळखपत्रे खरी की बनावट हे तपासण्याची सक्ती मालकावर नव्हती. भविष्यात मजूर लागले तर ते कोणत्या रीतीने यावेत, याची पुरेशी तरतूद तर कायद्यात नव्हतीच. पुढे १९९३ मध्ये एल पासो आणि १९९४ मध्ये सॅन डिएगो येथे सीमेवर कडक पहारे बसले, आणि समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी वर्षानुवर्षे मांडलेल्या निष्कर्षानुसार त्यांचा परिणाम उलटा झाला: हंगाम संपल्यावर गावी जाणारा मजूर, परत येताना वाळवंटातून जीव धोक्यात घालावा लागेल आणि दलालाला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजावे लागतील, म्हणून परत जाईनासा झाला आणि कुटुंबालाच इकडे आणू लागला. १९९० मध्ये सुमारे ३५ लाख असलेली कागदपत्रांविना राहणाऱ्यांची संख्या २००७ पर्यंत सुमारे १ कोटी २२ लाखांवर गेली. या वाढीत तेजीतल्या बांधकाम व्यवसायाच्या मागणीचाही मोठा वाटा होता, तेव्हा सारा दोष पहाऱ्यावर टाकता येत नाही. पण पहाऱ्याने ती रोखली नाही हे निश्चित. त्यात १९९६ च्या कायद्याने भर घातली. बेकायदा वास्तव्य एक वर्ष वा त्याहून अधिक झालेली व्यक्ती देशाबाहेर गेली, की तिच्यावर दहा वर्षांची प्रवेशबंदी लागते; आणि चोरवाटेने आलेल्या माणसाने अमेरिकी नागरिकाशी विवाह केला, तरी रीतसर व्हिसा घेण्यासाठी त्याला बहुधा देशाबाहेरच जावे लागते. कायदा पाळायला निघालेल्यालाच शिक्षा करणारी ही तरतूद तिशीच्या घरात आली, तरी कायम आहे.

त्यानंतरची कोंडी समजून घ्यायची तर १९८६ च्या सौद्याची आठवण दोन्ही पक्षांच्या मनात कशी रुतून बसली ते पाहावे लागते. एका बाजूला वाटते की माफी आधी दिली तर अंमलबजावणी कधीच होणार नाही. दुसऱ्या बाजूला वाटते की अंमलबजावणी आधी केली तर माफी कधीच मिळणार नाही. डिसेंबर २००५ मध्ये प्रतिनिधिगृहाने बेकायदा वास्तव्य हाच फौजदारी गुन्हा ठरवणारे विधेयक मंजूर केले, त्याविरुद्ध १ मे २००६ रोजी देशभर प्रचंड मोर्चे निघाले, आणि २००७ चे तडजोडीचे विधेयक सिनेटमध्येच अडले. २७ जून २०१३ रोजी सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी एक सर्वंकष विधेयक मंजूर केले, ज्यात कागदपत्रांविना राहणाऱ्यांसाठी नागरिकत्वाकडे जाणारा सुमारे तेरा वर्षांचा मार्ग होता आणि नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांवरची देशनिहाय मर्यादाही काढून टाकलेली होती. प्रतिनिधिगृहात त्यावर मतदानच झाले नाही. पुढच्या वर्षी त्या सभागृहातील बहुमतवाल्या पक्षाचे नेते एरिक कँटर स्वपक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत पराभूत झाले, आणि तडजोडीची भाषा करणाऱ्याचे काय होते याचा धडा इतरांनी त्यातून घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सिनेटमध्ये बुडालेल्या सीमाविषयक विधेयकाची कथाही फार वेगळी नाही. न सुटलेला प्रश्न निवडणुकीत उपयोगी पडतो; सुटलेल्या प्रश्नाचे श्रेय वाटून घ्यावे लागते.

या कोंडीचा सर्वांत टिकाऊ परिणाम म्हणजे समाजात निर्माण झालेली सदस्यत्वाची उतरंड. नागरिक आणि परका या दोन टोकांच्या मध्ये आज कितीतरी पायऱ्या आहेत: ग्रीन कार्डधारक, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना असलेला, तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर असलेला, मायदेशातील आपत्तीमुळे तात्पुरते संरक्षण मिळालेला, लहानपणी आणला गेलेला आणि आता दर दोन वर्षांनी नूतनीकरण करून राहणारा, आणि ज्याच्याकडे काहीच नाही असा. यांतील शेवटून दुसरी पायरी कायद्याने निर्माण झालेलीच नाही. लहानपणी आणलेल्या मुलांना दर्जा देणारे विधेयक २००१ पासून वारंवार मांडूनही मंजूर होईना, तेव्हा १५ जून २०१२ रोजी बराक ओबामा यांच्या प्रशासनाने ‘डाका’ या नावाने ओळखली जाणारी सवलत आदेशाने सुरू केली. तिच्यामुळे हद्दपारी पुढे ढकलली जाते आणि काम करण्याची परवानगी मिळते, पण नागरिकत्वाकडे जाणारी वाट मिळत नाही. तेव्हा वीस-बावीस वर्षांचे असलेले तरुण आता पस्तिशीत आहेत, काहींना स्वतःची शाळकरी मुले आहेत, आणि घराचे कर्ज तीस वर्षांचे व राहण्याची मुभा दोन वर्षांची असा त्यांचा संसार आहे.

भारतीयांच्या, आणि पर्यायाने असंख्य मराठी कुटुंबांच्या, वाट्याला आलेली पायरी वेगळी असली तरी ती याच जिन्यातली आहे. १९९० च्या कायद्याने कुशल कामगारांसाठी एच-१बी हा तात्पुरता व्हिसा आजच्या स्वरूपात आणला आणि नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची वार्षिक संख्या १,४०,००० ठरवली, ज्यात कामगाराची पत्नी वा पती आणि मुलेही मोजली जातात. कोणत्याही एका देशाला यातील साधारण सात टक्क्यांहून अधिक मिळू नयेत ही अट आइसलँडला आणि भारताला सारखीच लागू होते. एच-१बीच्या मंजूर अर्जांपैकी अलीकडच्या वर्षांत सत्तर टक्क्यांहून अधिक भारतीयांचे असतात. आत येण्याचे दार रुंद आणि स्थायिक होण्याचे दार अरुंद, त्यामुळे मधल्या दालनात लाखो माणसे साठली आहेत. ज्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज विशिष्ट टप्प्यावर पोचला आहे त्याला व्हिसा वाढवून मिळत राहतो, पण नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधावी लागते, आणि या धास्तीमुळे कमी पगार वा जास्त तास निमूटपणे स्वीकारले जातात, ज्याचा फटका त्याच कचेरीतील अमेरिकी सहकाऱ्यालाही बसतो. आईवडिलांसोबत बाळपणी आलेले मूल एकवीस वर्षांचे झाले की त्यांच्या अर्जातून गळून पडते. आणि ते आयुष्यभर कायदेशीरपणे राहिलेले असल्यामुळेच त्याला डाका मिळत नाही, कारण त्या सवलतीसाठी २०१२ च्या त्या दिवशी कायदेशीर दर्जा नसणे ही अट होती. देशनिहाय मर्यादा हटवणारे स्वतंत्र विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी आणि डिसेंबर २०२० मध्ये वेगळ्या मसुद्यासह सिनेटमध्ये मंजूर झाले, पण दोन मसुद्यांचा मेळ बसण्याआधीच काँग्रेसची मुदत संपली.

व्यापक सामाजिक परिणाम पाहायचे तर महानगरांपेक्षा लहान गावे अधिक बोलकी ठरतात. आयोवा राज्यातील पोस्टव्हिल हे सुमारे २,३०० वस्तीचे गाव ज्यूंच्या धर्मनियमांनुसार मांस तयार करणाऱ्या एका कारखान्यावर उभे होते. १२ मे २००८ रोजी तेथे छापा पडला आणि ३८९ जणांना, मुख्यतः ग्वाटेमालातून आलेल्यांना, अटक झाली. म्हणजे गावातील सहा माणसांमागे एक. शेकडो जणांवर दुसऱ्याची ओळख चोरल्याचा आरोप ठेवून काही दिवसांत शिक्षा उरकल्या गेल्या. वर्षभरानंतर दुसऱ्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वापरलेला क्रमांक खऱ्या व्यक्तीचा आहे हे आरोपीला ठाऊक असल्याशिवाय हा गंभीर गुन्हा ठरत नाही. कारखान्याचे दिवाळे त्याच वर्षी वाजले, भाडेकरू गेल्याने घरे ओस पडली, दुकाने बंद झाली, शाळेतील पट घसरला. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून पुढे आली: छाप्यानंतरच्या काळात आयोवातील लॅटिन अमेरिकी वंशाच्या मातांची बाळे कमी वजनाची जन्मण्याचा धोका आधीच्या वर्षाच्या तुलनेत २४ टक्क्यांनी वाढलेला होता, आणि ही वाढ अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणजे हद्दपारीचे भय मुळीच नसलेल्या मातांमध्येही आढळली. कारवाई कोणावर झाली आणि भीती कोणापर्यंत पोचली, यांतले अंतर या आकड्यात मोजले गेले आहे.

मजुरीचा वाद त्या मानाने कोरडा वाटतो, पण तो टाळता येत नाही. १९८० मध्ये क्यूबातील मारिएल बंदरातून सुमारे १,२५,००० माणसे अचानक फ्लोरिडात उतरली आणि मायामीतील कामगारांची संख्या जवळपास सात टक्क्यांनी वाढली. डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये दाखवले की स्थानिकांच्या मजुरीवर वा बेकारीवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही, तर जॉर्ज बोर्हास यांनी पुढे तीच घटना पुन्हा तपासून शाळा अर्धवट सोडलेल्या पुरुषांची मजुरी घसरल्याचा निष्कर्ष काढला. २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीने सगळ्या संशोधनाचा आढावा घेऊन जे मांडले ते दोन्ही बाजूंच्या घोषणांना अडचणीचे आहे: दीर्घकाळात सरासरी मजुरीवर परिणाम नगण्य, पहिल्या पिढीच्या मुलांच्या शिक्षणाचा भार राज्यांच्या व स्थानिक संस्थांच्या तिजोरीवर खरोखरच पडतो, आणि तीच मुले मोठी झाल्यावर सर्वाधिक कर भरणाऱ्या गटांत मोडतात. खर्च एका सरकारचा आणि लाभ दुसऱ्या सरकारचा, तोही वीस वर्षांनी, असा हा ताळेबंद असल्यामुळे गावपातळीवरची नाराजी केवळ वंशद्वेष म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल.

शिक्षणाच्या प्रश्नाने तर राज्यघटनेलाच हात घातला. टेक्सासने कागदपत्रे नसलेल्या मुलांना सरकारी शाळांतील मोफत शिक्षण नाकारले, तेव्हा १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा रद्द ठरवला. आईवडिलांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देऊन निरक्षरांचा कायमचा खालचा थर निर्माण करणे समतेच्या तत्त्वात बसत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. बारा वर्षांनी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी सुमारे ५९ टक्के मतांनी असाच निर्बंध पुन्हा मंजूर केला. तो न्यायालयात टिकला नाही, पण त्यामुळे दुखावलेल्या लॅटिनो समाजात नागरिकत्व घेण्याची आणि मतदार म्हणून नाव नोंदवण्याची जी लाट आली, तिचा त्या राज्याचे राजकारण पालटण्यात मोठा हात होता असे अनेक अभ्यासक मानतात.

मराठी वाचकाला हा सारा वाद दुरून पाहण्याची सोय नाही. मुंबई स्वतः स्थलांतरितांनी उभी केलेली नगरी आहे आणि भूमिपुत्रांच्या हक्काची भाषा १९६६ पासून तिच्या राजकारणाचा कणा राहिलेली आहे. देशांतर्गत स्थलांतर आणि परदेशगमन यांची बरोबरी करता येत नाही, कारण भारतीय नागरिकाला देशात कोठेही राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने दिला आहे आणि अमेरिकेत प्रवेश मिळण्याचा तसा हक्क कोणाही परकीयाला नाही. परंतु स्वस्त मजुरी, घरांवरचा ताण, भाषेची चिंता आणि ‘आमच्या पोरांच्या नोकऱ्या’ ही तक्रारीची शब्दावली ओहायोत आणि ठाण्यात थक्क करण्याइतकी सारखी आहे. एकाच घरातील थोरला मुलगा न्यू जर्सीत ग्रीन कार्डाच्या रांगेतील अन्यायाने संतापलेला असतो आणि धाकटा कल्याणच्या लोकलमध्ये परप्रांतीयांवर. या दोन संतापांची एकमेकांशी गाठ घालून देण्याचे काम मराठी वैचारिक लेखनाने अद्याप मन लावून केलेले नाही.

अमेरिकेतील भारतीय व्यावसायिकांनी आपली रांग आणि इतरांची रांग वेगळी मानण्याचा दीर्घकाळ प्रयत्न केला, पण २०२५ मधील घटनांनी ही भिंत पातळ केली. फेब्रुवारीत १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकी लष्करी विमान अमृतसरला उतरले, तेव्हा ‘ते बेकायदा गेले होते’ एवढे म्हणून सुटका होत होती. परंतु त्याआधीच, २० जानेवारीला, निघालेल्या राष्ट्राध्यक्षीय आदेशात जन्मसिद्ध नागरिकत्व नाकारताना कागदपत्रे नसलेल्या मातांबरोबरच तात्पुरत्या व्हिसावरील मातांच्या मुलांचाही समावेश होता, जर पिता नागरिक वा ग्रीन कार्डधारक नसेल तर. १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती आणि तिच्या आधारे चिनी मातापित्यांच्या पोटी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क यांना १८९८ मध्ये मिळालेला निकाल, यांच्याशी या आदेशाचा थेट संघर्ष असल्याने त्याला लगोलग न्यायालयांत आव्हान दिले गेले. १९ सप्टेंबरला एच-१बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावणारी घोषणा झाली. पळत्या मजुराचे आणि संगणक अभियंत्याचे मूल एकाच वाक्यात आले, हे या आदेशांचे समाजशास्त्रीय महत्त्व.

ग्रंथाच्या मर्यादेविषयी आणि आकड्यांविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. निर्वासितांचा आणि आश्रय मागणाऱ्यांचा प्रश्न १९८० च्या वेगळ्या कायद्याखाली येतो, आणि सीमेवरील अलीकडच्या गर्दीत त्याचा वाटा मोठा असला तरी त्याला येथे केवळ एका प्रकरणापुरती जागा मिळाली आहे. कागदपत्रांविना राहणाऱ्यांची संख्या कोणी प्रत्यक्ष मोजलेली नसते. जनगणना खात्याच्या पाहणीत आढळलेल्या परदेशात जन्मलेल्या लोकांमधून कायदेशीर आलेल्यांची संख्या वजा करून, पाहणीतून सुटलेल्यांसाठी थोडी भर घालून, ती काढली जाते. प्यू संशोधन केंद्राने २०२३ साठी या पद्धतीने १ कोटी ४० लाखांचा विक्रमी अंदाज दिला, पण त्यात तात्पुरते संरक्षण वा आश्रयाचा प्रलंबित अर्ज असलेले, म्हणजे सरकारला नावानिशी ठाऊक असलेले आणि अनेकदा कामाचा परवानाही असलेले, लक्षावधी लोक धरलेले आहेत. त्यामुळे पुढील प्रकरणांत असा प्रत्येक आकडा कोणत्या पायऱ्यांवरची माणसे मोजतो, हे त्या त्या ठिकाणी नमूद केले आहे.